गावच्या पाव भाजणाऱ्या पोदेरांसाठी एक दिवस करायचा आहे. मंडप कुठे घालावा?

बार्देशची बाई

नमस्कार. गोव्यात, बार्देशातल्या एका गावात मी प्राथमिक शाळेत शिकवते. म्हापशाहून बसने वीस मिनिटं लागतात. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ज्यांच्याविषयी लिहिते आहे त्यांना मी अजून नीट विचारलेलं नाही.

आमच्याकडे एका वाड्याला अजून पोदेरवाडो म्हणतात. माझ्या लहानपणी तिथे चार फोर्न, म्हणजे पावाच्या भट्ट्या, पेटायच्या. सकाळी शाळेत जाताना त्या वाटेने गेलं की एका भट्टीचा वास सरेपर्यंत दुसरीचा सुरू व्हायचा. आता एक उरला आहे. एकाच्या जागी गाड्या दुरुस्तीचं गॅरेज आहे, एकाचा घुमट दोन पावसाळ्यांपूर्वी कोसळला आणि आत तेरं, म्हणजे रानअळू, उगवलं आहे, चौथ्याला कुलूप आहे आणि मालक इंग्लंडात. जो चालू आहे तो एका सत्तरीतल्या पोदेरबाबांचा. त्यांच्याबरोबर कर्नाटकातून आलेले दोन भाऊ काम करतात, चौदा वर्षं झाली.

यंदा गावच्या मंडळाने ठरवलं की पावाचा एक उत्सव करायचा. मला फार आनंद झाला. पण बैठकीत जे ठरलं ते असं: शाळेचं मैदान, तीस स्टॉल, मोठं स्टेज, संध्याकाळी सहा ते दहा, वाद्यवृंद, आणि शेवटी पोदेरबाबांना शाल-श्रीफळ. पाव म्हापशाच्या एका मोठ्या बेकरीतून मागवायचे, कारण एवढे पाव बाबांच्याने होणार नाहीत.

मी बैठकीत काही बोलले नाही. रात्री मात्र झोप लागेना. संध्याकाळी सहा ते नऊ ही बाबांची झोपायची वेळ आहे. नऊला उठून ते पीठ मळायला घेतात. म्हणजे ज्यांच्यासाठी उत्सव त्यांना झोपेतून उठवून स्टेजवर बसवायचं, आणि त्यांच्यासमोर दुसऱ्याचा पाव वाटायचा.

पुढची बैठक पंधरा दिवसांनी आहे. तिथे मला नुसता विरोध करायचा नाही, दुसरं काही सुचवायचं आहे. कोणाच्या गावात असं काही झालं असेल, किंवा पाव, फोर्न, माडाचा रस म्हणजे सूर, यांच्याशी कोणाचा जवळचा संबंध असेल तर कृपया सांगा. पत्रकात इतिहासाच्या चार ओळीही हव्यात. मंडळाच्या मसुद्यात ‘पायाने तुडवून मळतात म्हणून पाव’ असं लिहिलं आहे. ते मला छापू द्यायचं नाही.

मडगावहून

बाई, तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरू करते. ते खरंच छापू देऊ नका. पाव हा पोर्तुगीज ‘पांव’वरून आलेला शब्द आहे, त्याचा अर्थच भाकर. पायाशी किंवा पावशेराच्या पावाशी त्याचा काही संबंध नाही. पोदेर हा ‘पादेरू’वरून, फोर्नही त्यांचाच. मुंबईत वडापाव खाणारा माणूस रोज एक पोर्तुगीज शब्द खातो आणि तो शब्द त्याच्यापर्यंत पोचवणाऱ्यांत मुंबईला गेलेल्या गोंयकार बेकरीवाल्यांचा मोठा वाटा आहे.

आता दुसरी बाजू पाहा. कोंडा लावलेली, भट्टीत फुगणारी पावाची पोळी आपली. कांकण आपलं, बांगडीसारखं गोल म्हणून कांकण. कात्रीने चिरा पाडून फुलपाखरासारखा उघडतात तो कात्र्यांचो पाव, तोही आपला. आणि उंडो? पुरणपोळी करताना आई कणकेचा उंडा घे म्हणते, तोच तो उंडा. म्हणजे भट्टी, भट्टीवाला आणि भाजलेली वस्तू यांची नावं बाहेरून आली, पण तिला जे आकार मिळाले त्यांची नावं आमच्या स्वयंपाकघरातून गेली. पत्रकात एवढं लिहिलंत तरी पुष्कळ झालं.

सालं हवी असतील तर १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि १५४२ मध्ये फ्रान्सिस झेवियर इथे उतरला. जेझुइट पाद्र्यांनी सासष्टीत माजोर्ड्याच्या लोकांना पाव भाजायला शिकवलं आणि तिथून तो गोवाभर गेला, असं आमच्याकडे पिढ्यानपिढ्या सांगतात. तुमच्या बार्देशाचा उत्सव असला तरी माजोर्ड्याचं नाव घ्या, त्या गावाला बरं वाटेल.

आता मंडपाचं. आमच्या राय गावात दरवर्षी ५ ऑगस्टला कणसांचं फेस्त होतं. ताळगावला २१ ऑगस्टला. तिथे भाताची कणसं मैदानात आणून दाखवत नाहीत. पाद्री आणि लोक शेताकडे जातात, कणसं तिथेच आशीर्वाद देऊन कापतात आणि मग वाजतगाजत इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, आणतात. आपली नव्याची पंचमही तशीच, कणीस शेतातून घरात येतं. तुमच्या मंडळाला हे सांगा. ज्याचा उत्सव त्याच्या जागी, त्याच्या वेळी जायची पद्धत गोव्यात जुनी आहे. मंडप शाळेच्या मैदानात कशाला? पोदेरवाड्यावर घाला, भट्टीसमोर, आणि पहाटे घाला.

पाच ते सात

मी १९९४ पासून चार वर्षं घरोघर पाव टाकले. म्हापशाला कॉलेजात होतो, फी भरायची होती. पहाटे पाचला फोर्नावर, सातला फेरी संपवून घरी, आठच्या बसने कॉलेज. म्हणून हे नाव.

लोक उत्सव म्हटला की फोर्नाचे फोटो काढतात, आणि ते काढावेतच. पण पावाचं अर्धं काम फोर्नाच्या बाहेर आहे, ते कोणी बघत नाही. सायकलच्या कॅरियरवर पांटलो म्हणजे बांबूचा टोपला, त्यात आधी गोणपाट, मग पाव, वर निळं प्लास्टिक. पाव गरम भरला तर वाफेने लिबलिबीत होतो आणि फार थांबलो तर गिऱ्हाइकाला गरम मिळत नाही. पोदेर हाताची पाठ पावाला लावून ठरवायचा, मग म्हणायचा, भर. पावसाळ्यात दोन प्लास्टिकं. एकदा ओहोळाजवळ घसरलो तेव्हा मी गुडघ्यावर पडलो पण पांटलो धरून ठेवला. अजून खूण आहे.

घरोघर फाटकाला पिशव्या टांगलेल्या असायच्या. नाव कुठेच नाही. निळी पिशवी सहा पाव, फुलांची पिशवी चार पोळ्या नि दोन उंडे, लाल दोरीची म्हणजे म्हातारीचं घर, तिला एक कांकण, चहात बुडवून खायला. ज्या दिवशी फाटकाला पिशवी दिसली नाही त्या दिवशी मी हाक मारायचो. एकदा हाकेला उत्तर आलं नाही म्हणून शेजाऱ्यांना उठवलं, आजोबा न्हाणीघरात पडलेले सापडले. वाचले ते. रोज दारात येणारा माणूस असा उपयोगी पडतो.

बाई, मंडळाला सांगा, उत्सवाच्या दिवशी फेरी चुकवायची नाही. त्या दिवशी पोदेर स्टेजवर आणि गावाच्या फाटकांवर रिकाम्या पिशव्या, असं व्हायला नको.

फोंड्याची ओसरी

मी थोडं वेगळं लिहिणार आहे. राग मानू नका.

आमच्या घरात पाव स्वयंपाकघरात येत नसे. १९७० च्या आसपासची गोष्ट. ओसरीवर पत्र्याचा एक डबा होता, पोदेर आला की त्यात पाव ठेवायचा. आम्ही मुलांनी तिथेच बसून खायचा, मागच्या दारी जाऊन हात धुवायचे आणि मग आत यायचं. चहासुद्धा आजी बाहेर आणून द्यायची. का, असं विचारलं की ती विहिरीची गोष्ट सांगायची. रात्री कोणी विहिरीत पाव टाकला, सकाळी सगळ्यांनी पाणी भरलं, प्यायले, आणि मग अख्खा वाडा बाटला म्हणून जाहीर झाला. ही गोष्ट गोव्यातल्या बहुतेक हिंदू घरांनी ऐकली आहे. आमच्या फोंड्याला तर देवसुद्धा जुन्या काबिजादींतून, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या भागातून, नदी ओलांडून आलेले. कुठ्ठाळीचा मंगेश १५६० मध्ये प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. त्यामुळे त्या गोष्टीला आजीच्या लेखी पुरावा लागत नव्हता.

आणि तरीही तिनेच तो डबा ठेवला होता! पावावर राग असता तर पोदेराला फाटकातूनच परत पाठवलं असतं. उलट तो आजारी पडला तेव्हा तिने त्याच्या घरी पेजेचे तांदूळ पाठवले. मनात एक जुनी जखम आणि दारात एक ओळखीचा माणूस, दोन्ही तिने सांभाळलं. आजी गेल्यावरही डबा ओसरीवरच होता. आईने तो आत घेतला घरी गॅस आला त्या वर्षी, काही न बोलता, कडधान्याच्या डब्यांशेजारी.

आज आमच्याकडे सकाळी पातळ भाजी आणि पाव नसेल तर माझा मुलगा जेवण झालं असं मानत नाही. मला वाटतं, पत्रकात किंवा कोणाच्या भाषणात ही डब्याची गोष्टही यावी. फक्त ‘सगळे गुण्यागोविंदाने खात आले’ एवढंच लिहिलं तर माझ्या आजीसारख्या बायकांनी जे मनात धरून ठेवलं आणि जे सोडलं, दोन्ही पुसलं जातं. शांतपणे सांगता येतं हे. आमच्या गावात ख्रिस्ती शेजाऱ्यांसमोर मी सांगितलं आहे. त्यांनी त्यांच्या आजीची गोष्ट सांगितली. तिला आमच्या ओसरीच्या वरच्या पायरीपर्यंतच यायची मुभा होती.

बार्देशची बाई

ओसरीताई, राग कसला. तुम्ही लिहिलेलं मी दोनदा वाचलं. माझ्या आजोळीही डबा होता, अॅल्युमिनियमचा, झाकणाला दोरी बांधलेला. मी तो विसरले होते.

माडाखालून

पेडण्याहून लिहितोय. आम्ही भंडारी. आजोबा रेंदेर होते, सूर काढायला माड चढायचे.

सगळे पोदेराविषयी बोलतात म्हणून मुद्दाम लिहितो. जुना पाव फुगायचा तो सुरेने. पोर्तुगीजांना इथे पाव करायचा होता पण खमीर नव्हतं, ते काम माडाच्या सुरेने केलं. म्हणजे पावाला रेंदेर लागायचाच. आता बहुतेक सगळीकडे बाजारचं यीस्ट घालतात. यीस्टला मी नावं ठेवत नाही, पोदेराला रोज तेवढाच फुगलेला पाव द्यावा लागतो आणि सूर रोज सारखी नसते. पण ज्यांनी सुरेचा पाव खाल्लाय त्यांना त्याचा किंचित आंबूस, गोडसर वास लगेच कळतो.

आजोबा दिवसातून तीनदा माडावर चढायचे. सकाळी आणि संध्याकाळी सूर काढायला, दुपारी पोयेचं टोक कापायला. पोय म्हणजे माडाचा फुलोरा, न उमललेला, दोरीने आवळून बांधलेला. तिला कातीने रोज पातळ काप द्यायचा. कातीची धार अशी की केस कापावा. जाड काप दिला तर पोय लवकर संपते, फारच पातळ दिला तर सूर गळत नाही. पोयेवर मातीचं दामोणें बांधलेलं, त्यात सूर साठते. ती कमरेच्या दुदिण्यात ओतून खाली आणायची. दुदिणें म्हणजे सुकवलेला पोकळ भोपळा. आजोबा उतरले की दुदिण्याच्या तोंडाला फेस आलेला असायचा आणि भोवती मधमाश्या. संध्याकाळची सूर थेट पोदेराकडे जायची. ती थांबत नाही ना, ताजी असते तोवर गोड, रात्रभरात तिखट होते, आणि ठेवून दिली तर पुढे विनागर. महिन्याचा हिशेब वेगळा, पण रोज चार उंडे फडक्यात बांधून आजोबांच्या हातात यायचे. आम्हा चार नातवंडांना एकेक.

माझ्या वडिलांनी माड चढणं सोडलं. आजोबांनीच सोडायला लावलं, त्यांचा भाऊ पावसात माडावरून पडून गेला होता. मी सरकारी कारकून आहे. माझ्या हाताला काती लागलेली नाही.

बाई, तुमच्या उत्सवात रेंदेराला बोलवा. शालीसाठी बोलवू नका. आदल्या संध्याकाळी त्याच्याकडून सूर विकत घ्या, तिचा योग्य दाम द्या, आणि एक घाणा तरी सुरेचा लावा. आमच्या पेडण्यात अजून चढणारे आहेत, मी विचारून ठेवतो. सूर वाटायची किंवा विकायची असेल तर मात्र अबकारी खात्याकडे आधी चौकशी करा.

डिचोलीकर

माडाखालून यांनी चांगलं लिहिलंय. थोडी कामाची माहिती देतो, आमच्या वाचनालयाचे कार्यक्रम मी बघतो.

रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. पहाटेचा कार्यक्रम करणार असाल तर माइक नाही. ते बरंच आहे. खायचे स्टॉल लावणाऱ्या प्रत्येकाकडे अन्न परवान्याची नोंदणी असायला हवी, बचतगटाच्या बायकांनाही आधी सांगा, ऐन वेळी धावपळ होते. पंचायतीचं पत्र लेखी घ्या. भट्टीसमोर एका वेळी सहा-सातच माणसं सोडा, बाकीच्यांना अंगणात बसवा, चहा द्या. मुलं असतील तर दोघे मोठे फक्त मुलांकडे. जळते निखारे बाहेर ओढतात तेव्हा मागे उभं राहायला जागा लागते.

आणि पैसे. पोदेराचा त्या दिवसाचा सगळा माल मंडळाने आधीच पूर्ण भावाने विकत घ्यावा. पावाच्या भावात पोदेराच्या हाती किती उरतं ते लाकूड आणि पीठ विकत घेणारा कोणीही सांगेल. सत्काराच्या खर्चापेक्षा हे कमीच होईल.

एक विचारतो, वाईट वाटून घेऊ नका. कर्नाटकातले दोन भाऊ म्हणालात. गोव्याचा वारसा म्हणून उत्सव आणि समोर बाहेरचे, मंडळातले लोक यावर बोलतील. तयारी ठेवा.

पाच ते सात

डिचोलीकर, बाकी सगळं बरोबर. या एका गोष्टीवर बोलतो.

मी ज्या फोर्नावर काम केलं तिथल्या पोदेराचे तिन्ही मुलगे जहाजावर आणि आखातात गेले. जायलाच हवं होतं, बापानेच पाठवलं. तेव्हा पीठ मळायला कोण आलं? विजापूरकडचा एक मुलगा, माझ्याच वयाचा. पोदेराने त्याला हात धरून शिकवलं, पोळीला कोंडा किती, फोर्न किती तापला ते मूठभर पीठ आत टाकून कसं बघायचं. पीठ लगेच काळं पडलं तर थांबायचं, तांबूस झालं तर घालायचं. आज पोदेर नाही आणि तो फोर्न तोच माणूस चालवतो. कोंकणी माझ्याहून स्वच्छ बोलतो. त्याने सोडलं असतं तर त्या वाड्यावर आज पाव नसता. पोर्तुगीजांकडून आमच्या लोकांनी शिकलं तो वारसा होतो, मग आमच्याकडून विजापूरच्या मुलाने शिकलं तर तो कसा होत नाही?

डिचोलीकर

पटलं. मंडळात कोणी काढलं तर हेच सांगा.

बार्देशची बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमची उत्तरं वाचून मी बैठकीची वाट न पाहता थेट बाबांकडे गेले. रात्री नऊला गेले ती सकाळी सातला परतले. बरोबर माझी भाची होती.

बाबा आधी काही बोलले नाहीत. पिठाची परात ओढली आणि म्हणाले, बस. धाकटा भाऊ मळत होता, मोठा लाकडं लावत होता. साडेदहापर्यंत मळून झालं. पिठावर ओलं फडकं, त्यावर गोणपाट. बाबा त्यावर हात ठेवून बसले, जसा तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. मग गोळे, मग आकार. कात्र्यांच्या पावाला त्यांनी स्वतः कात्री लावली, भावांना देत नाहीत. पोळ्यांना कोंड्यात लोळवून लाकडी फळ्यांवर रांगेने ठेवलं. मी विचारलं, कोंडा कशाला, चवीला? म्हणाले, चवीलाही, आणि फोर्नाच्या जमिनीला चिकटू नये म्हणूनही.

तीनला निखारे बाजूला ओढले. लांब बांबूला ओलं गोणपाट बांधून आतली जमीन पुसली. सूंऽऽ असा आवाज आला आणि वाफेचा लोट आमच्या तोंडावर. धाकट्याने पीठ टाकून पाहिलं, पाच ते सात यांनी लिहिलंय तसंच. मग लांब दांड्याच्या फळीवरून पोळ्या आत. आत अंधार, कडेला निखाऱ्यांची लाल रेघ, आणि त्या उजेडात पोळ्या एकेक करून पोटात हवा भरून घेत फुगत होत्या. भाची माझा हात इतका घट्ट धरून उभी होती की बांगडी रुतली. बाहेर काढलेल्या पहिल्या पोळीचं पोट बाबांनी बोटाने फाडलं, वाफ जाऊ दिली आणि अर्धी तिला, अर्धी मला दिली. नुसतीच खाल्ली आम्ही, बरोबर काही नव्हतं. करपलेल्या कोंड्याची ती कडवट गोडी अजून तोंडात आहे.

फोर्नाच्या जमिनीखाली मीठ आणि काचेचे तुकडे घातलेत, ऊब धरायला, हे त्यांनी आपणहून सांगितलं. त्यांच्या वडिलांनी बांधून घेतला होता. त्या वेळी गोवा मुक्त व्हायचा होता.

मग मी उत्सवाचं काढलं. शालीचं ऐकून म्हणाले, “शाल म्हाका कित्याक? हांव फोर्नामुखार बसतां.” नंतर बराच वेळ पांटलो भरत राहिले. मला वाटलं संपलं. तर म्हणाले, “तुमी येयात. पूण म्हज्या वेळार येयात. आनी त्या दिसा म्हज्या गिरायकांक पाव कोण दितलो?” नेमकं पाच ते सात यांनी जे लिहिलं होतं तेच त्यांच्या तोंडून आलं.

सुरेचं विचारलं तेव्हा ते पहिल्यांदा हसले. वीस-बावीस वर्षांत सुरेचा घाणा लावलेला नाही, इथे रेंदेरच उरला नाही म्हणाले. पेडण्याहून आणून दिली तर लावाल का, असं विचारलं. संध्याकाळची हवी, सकाळची नको, आणि गाळून हवी, एवढंच म्हणाले. माडाखालून, तुम्ही विचारून ठेवा, मी गाडीची सोय करते.

काल बैठक झाली. दोन तास चालली. मैदान रद्द झालेलं नाही, संध्याकाळी स्टॉल आणि वाद्यवृंद राहणार, मुलांना ते हवंच आहे, आणि मलाही त्यात काही चुकीचं वाटत नाही. पण म्हापशाचे पाव रद्द. आदल्या दिवशी रात्री नऊपासून पोदेरवाड्यावर फोर्न उघडा राहील, सहा-सहांच्या गटाने बसायचं, माइक नाही. बाबांचा सगळा माल मंडळ विकत घेणार. पत्रकात दोघा भावांची नावं बाबांच्या नावाच्या ओळीतच येतील. त्यावर एकाने हरकत घेतली, तेव्हा बाबांच्या शेजारच्या बाईच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, माझं बाळंतपण झालं तेव्हा पाऊस फोडून पाव आणणारा या भावांतलाच एक होता. पुढे कोणी बोललं नाही. ओसरीताईंच्या डब्याची गोष्ट मी स्वतः सांगणार आहे, माझ्या आजोळच्या डब्यासकट. आई तो शोधते आहे माळ्यावर.

फेरी पहाटे साडेपाचला निघेल, नेहमीच्या वाटेने, नेहमीच्या फाटकांना. धाकटा भाऊ पुढे, मागे सातवीची सहा मुलं, प्रत्येकाकडे एकेका वाड्याच्या पिशव्यांचा हिशेब. तो त्यांना या आठवड्यापासून शिकवणार आहे. त्यासाठी कॅरियरच्या सायकली हव्यात, जुन्या, जड, मागे पांटलो बसेल अशा. आताच्या मुलांच्या सायकलींना कॅरियरच नसतो. चार मिळाल्या, अजून दोन हव्यात. बार्देशात किंवा डिचोलीत कोणाच्या घरी गोठ्यात पडून असतील तर इथे लिहा, मी येऊन घेऊन जाईन आणि तेल-ब्रेक करून परत पोचवीन.

पाच ते सात

माझी आहे. घंटी गेलीय, पण पों-पों भोंगा अजून वाजतो. रविवारी घेऊन येतो.